जुन्या स्प्लेंडरची टायमिंग चेन

मंठा तालुक्यात कापूस-सोयाबीनच्या वावरापर्यंत जाऊन येणाऱ्या दुचाकींत जुनी हीरो होंडा अजून भरवशाची आहे. १९८५ साली सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. दोन्हींचे इंजिन ९७.२ सीसीचे. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही सीडी १००ची जाहिरात पेट्रोलच्या टाकीबद्दल होती. आपल्याकडे अनेकांनी इंजिन ऑइललाही तोच न्याय लावला. त्याचा फटका बसतो टायमिंग चेनला.

हेडमधले दोन वॉल्व्ह कॅम उघडतो आणि त्या कॅमला ही चेन फिरवते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी व्हावी, म्हणून वरच्या चक्राला खालच्याच्या दुप्पट दात असतात. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या मारत असेल, तर कॅम सेकंदाला ५० वेळा फिरतो. चेन, तिला ताणून धरणारा टेन्शनर आणि रबरी रोलर हे सगळे तेलाच्या आधाराने चालतात. तेल कमी झाले किंवा काळे पडले, की चेनचे सांधे झिजून ती लांबते, रोलरचे रबर कडक होऊन तुटू लागते.

मग इंजिनच्या डाव्या अंगाने खडखड येते. चेनच गेली असे लगेच धरू नये. आधी थंड इंजिनवर टॅपेट ०.०५ मिलिमीटरवर सेट करावेत. टॅपेटची टिकटिक थांबूनही खडखड राहिली, तर चेनकडे वळावे.

सामान एकदमच आणावे : चेन, रोलर, गॅस्केट, ओ-रिंग. हत्यारांत मॅग्नेटचा पुलर हवाच. हातोडीने ठोकून मॅग्नेट काढू पाहिला, तर तो तडकतो आणि क्रँकलाही इजा होते. पुलर मिळत नसेल, तर तेवढे काम मिस्त्रीकडून करून घेण्यात शहाणपण आहे.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन तेल काढावे. डावे कव्हर आणि हेडचे डावीकडचे गोल झाकण उघडावे. प्लग काढला की इंजिन हाताने सहज फिरते. मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत त्यावरची ‘टी’ खूण इंजिनच्या खुणेसमोर आणावी. शेजारीच ‘एफ’ खूण असते, ती ठिणगीच्या वेळेची. नवखा माणूस इथेच फसतो. त्याच वेळी वरच्या चक्रावरचा गोल हेडच्या खाचेसमोर असला पाहिजे. नसेल, तर क्रँकला आणखी एक फेरी द्यावी. खुणा जुळल्या की मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

आता टेन्शनरचा खालचा बोल्ट सोडून स्प्रिंग आणि रॉड काढावा, म्हणजे चेन सैल पडते. वरच्या चक्राचे बोल्ट सोडण्यापूर्वी चेनच्या पोकळीत स्वच्छ फडके कोंबावे. आत पडलेला एक बोल्ट सगळे इंजिन खोलायला लावतो. मग मॅग्नेट आणि त्यामागची कॉइलची प्लेट काढली की चेन मोकळी होते. मॅग्नेटची छोटी अर्धगोल की डबीत जपून ठेवावी. चक्राचे दात टोकदार झाले असतील, तर चक्रही बदलावे; झिजलेले दात नवी चेन लवकर खातात.

जोडताना दोन्ही खुणा पुन्हा जुळवाव्यात, फडके काढावे, टेन्शनर बसवावा. किक मारण्याची घाई करू नये. आधी क्रँकला हाताने दोन पूर्ण फेऱ्या देऊन खुणा पाहाव्यात. दात चुकला असेल तर गाडी ओढत नाही. फार चुकला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतो. फिरवताना मध्येच अडले, तर जोर न लावता थांबावे आणि चेन पुन्हा बसवावी. खुणा बरोबर असतील, तर टॅपेट पुन्हा तपासून नवे तेल भरावे.

मंठ्याहून जालना साठेक किलोमीटर. एवढ्या फेऱ्या नेहमी होत असतील, तर तेल पाहण्याचा वार ठरवून टाकावा. गाडी सपाट जागी सरळ उभी करून, पट्टी पुसून, आटे न फिरवता नुसती आत टेकवावी. तेल पट्टीवरच्या दोन रेघांच्या मध्ये हवे. नवी चेन किती वर्षे टिकणार, याचा निकाल या मिनिटभराच्या सवयीवर लागतो.