समजून घ्या : उपग्रहांवरचा शोधनिबंध भिसेगावात बसून कसा आखायचा?

'कृत्रिम उपग्रह' हा विषय मिळाला की निबंधाची गाडी ठरलेल्या रुळावरून निघते. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक, १९ एप्रिल १९७५ ला आर्यभट्ट, मग उपग्रहांचे प्रकार, मग फायदे-तोटे. दहा पानं भरतात. पण विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत किंवा कॉलेजच्या तोंडी परीक्षेत 'यात तुमचं स्वतःचं काय?' असं विचारलं, की उत्तर सुचत नाही. ही सगळी माहिती आधीच लिहून झालेली असते. शोधनिबंधाला विषय पुरत नाही, प्रश्न लागतो. आणि कर्जत स्टेशनजवळच्या भिसेगावात राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला असा प्रश्न शोधायला श्रीहरिकोटापर्यंत जावं लागत नाही.

प्रश्न किती लहान हवा?

स्वतः जाऊन तपासता येईल इतका लहान. एक उदाहरण घेऊ. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून बाहेर पडणारं पाणी राजनाला कालव्यातून कर्जत तालुक्यातल्या शेतांना मिळतं आणि त्यावर उन्हाळी भात होतं. दुसरीकडे तालुक्यात फार्महाऊस आणि प्लॉटिंग वाढतंय, हे सांगायला उपग्रहाची गरज नाही. मग प्रश्न असा होऊ शकतो : 'राजनाल्याच्या पट्ट्यातल्या अमुक दोन गावांत २०१९ आणि २०२५ मध्ये उन्हाळी भाताखाली किती क्षेत्र होतं?' गावं दोन, वर्षं दोन, पीक एक. एवढं पुरेसं आहे. 'रायगडच्या शेतीवर उपग्रहांचा प्रभाव' असलं शीर्षक गाईडने सुचवलं तरी नम्रपणे नको म्हणा.

कोणता उपग्रह निवडायचा?

उपग्रहांचं खरं विज्ञान इथेच कळतं. हवामान पाहणारे आपले इन्सॅट उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेत एकाच जागी थांबल्यासारखे असतात. ते अर्ध्या तासाला चित्र देतात, पण इन्सॅट-३डीच्या अवरक्त चित्रातली एक चौकट ४ किलोमीटर लांब-रुंद असते. एका चौकटीत अख्खं कर्जत शहर आणि वर आजूबाजूची गावं! युरोपचा सेंटिनल-२ फक्त ७८६ किलोमीटर उंचीवरून जातो. त्याची चौकट १० मीटर बाय १० मीटरची, पण जोडीतले दोन उपग्रह मिळूनही तो एका जागेवर साधारण पाच दिवसांनी येतो. सतत पाहायचं की बारीक पाहायचं, यातलं एक निवडावं लागतं.

१० बाय १० मीटर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे सेंटिनल-२ची एक चौकट जवळजवळ एक गुंठा! एकराला चाळीस चौकटी. ही गोष्ट निबंधात जरूर लिहा, परीक्षकालाही चटकन समजेल. अमेरिकेच्या लँडसॅटची चौकट ३० मीटरची, म्हणजे साधारण नऊ गुंठ्यांची. आपल्याकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतांना ती मोठी पडते. मात्र २०१५ च्या आधीचं पाहायचं असेल तर लँडसॅटला पर्याय नाही. दोन्ही उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. सेंटिनलची चित्रं कोपर्निकसच्या संकेतस्थळावर मोबाइलवरही उघडतात. मोजणीसाठी मात्र कॉम्प्युटर आणि 'क्यूजीआयएस' हे मोफत सॉफ्टवेअर लागेल. कॉलेजच्या लॅबमध्ये ते चालतं. इस्रोचं 'भुवन' पोर्टल नकाशे ताडून पाहायला उपयोगी आहे.

हिरवं म्हणजे भातच का?

नाही. निबंध फसतो तो इथेच.

वनस्पती लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोन आकड्यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की 'एनडीव्हीआय' हा हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. समजा अवरक्त ०.४० आणि लाल ०.०५ आला, तर ०.३५ भागिले ०.४५, म्हणजे ०.७८. दाट हिरवळ. पण फार्महाऊसचं लॉनही हिरवं, आंब्याची बागही हिरवी. मार्चमधलं एकच चित्र घेऊन हिरव्या चौकटी मोजल्या, तर फार्महाऊस वाढले की 'भात वाढलं' असा उलटाच निष्कर्ष निघेल.

यावर उपाय म्हणजे एकाच वर्षातली तीन चित्रं. लावणीच्या सुमारास शेत पाण्याने भरलेलं आणि जवळजवळ उघडं दिसतं, मार्चमध्ये हिरवंगार आणि कापणीनंतर पुन्हा उघडं. आंबा आणि पाणी घातलेलं लॉन तिन्ही चित्रांत हिरवंच. जी चौकट चढते आणि उतरते, ती बहुधा भाताची. लावणी-कापणीच्या नेमक्या तारखा पुस्तकात शोधू नका, त्या गावातल्या शेतकऱ्याला विचारा.

पावसाळी भात का घेतलं नाही? ढगांमुळे. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या पायथ्याचं स्वच्छ चित्र मिळणं नशिबाची गोष्ट. ऑक्टोबरमध्ये आभाळ मोकळं होतं, तोवर हळवं भात कापणीला आलेलं आणि गरवं अजून उभं. एकाच चित्रात दोन्ही. ढगांतून पाहणारे रडार उपग्रह आहेत, सेंटिनल-१ किंवा इस्रोने १४ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेला ईओएस-०४, पण रडारची चित्रं वाचायला वेगळा अभ्यास लागतो. पहिल्याच निबंधात तो नाद नको.

'मर्यादा' हे प्रकरण एका ओळीत का उरकू नये?

१९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इस्रोच्या हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने देशाचा दरड नकाशासंग्रह काढला होता. त्यात १९९८ ते २०२२ मधल्या सुमारे ८० हजार दरडींची नोंद आहे. पण घडून गेलेल्या दरडीची नोंद वेगळी आणि उद्याची दरड सांगणं वेगळं. त्या रात्री ढग होते, आणि वाडीतलं एखादं घर सेंटिनल-२च्या एका चौकटीतही हरवून जावं एवढं. त्यामुळे उपग्रहाला काय दिसत नाही, हे लिहिणं ही औपचारिकता नाही. दरडींवर निबंध लिहायची इच्छा अनेकांना होते. लिहा, पण फुकट चित्रांवरून कुठल्याही वाडीला 'सुरक्षित' असा शिक्का देऊ नका.

भाताच्या निबंधातही तेच. नकाशाने भात म्हटलेली ३० ठिकाणं चिठ्ठ्या टाकून निवडा, तिथे जा, मोबाइलवर अक्षांश-रेखांश आणि फोटो घ्या. २४ ठिकाणी भात निघालं तर अचूकता ८० टक्के. हा आकडा कमी आला तरी लपवू नका, सगळ्या निबंधात तोच तुम्ही स्वतः मिळवलेला असतो. शेतमालकाचं नाव किंवा गट क्रमांक छापायची गरज नाही. सेंटिनलचं चित्र वापरलं की 'कोपर्निकस' आणि वर्ष यांचा उल्लेख बंधनकारक आहे.

ज्यांना पिकांपेक्षा उपग्रह कसा बनतो यातच रस आहे, त्यांनी पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' अभ्यासावा. २००८ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा जेमतेम एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ ने अवकाशात गेला. मधल्या आठ वर्षांत एक तुकडी बाहेर पडायची आणि दुसरी काम हाती घ्यायची. दिशा स्थिर ठेवायला त्यात वीज न लागणारी चुंबकीय पद्धत होती. चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी कसा जुळतो, एवढ्या एका प्रश्नावरही प्रयोगासह निबंध होतो.

भाताचा मार्ग घेतलात, तर लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ फक्त चित्रं शोधा. दोन्ही वर्षांची तीन-तीन, म्हणजे सहा, आणि शक्य तितक्या जवळच्या तारखांची. एखादं जरी धूसर निघालं तरी वर्ष बदला. हा बदल गाईडला सारांश देण्याआधीच करा, नंतर शीर्षकासकट सगळं बदलावं लागतं.