रुळांवरचं रायपूर – लेखांक ९ : मापाबाहेरचं ओझं आणि वाघिणीची कुंडली

गेल्या आठवड्यात आपण रायपूर परिसरातल्या मालधक्क्यांवरचा नेहमीचा माल पाहिला : कोळसा, सिमेंट, तांदूळ, पोलाद. हा माल ठरलेल्या वाघिणीत भरतात, रेक लागतो आणि गाडी सुटते. त्यासाठी कुणी वेगळी परवानगी मागत नाही. या आठवड्यात बोलायचं आहे ते त्या मापात न मावणाऱ्या मालाबद्दल. भला मोठा ट्रान्सफॉर्मर, वीजकेंद्रातल्या जनित्राचा स्टेटर, कारखान्यासाठीचं अवजड पात्र. अशा मालाला रेल्वेत सगळे ‘ओडीसी’ म्हणतात.

माप कुठलं, ते आधी पाहू. आपल्याकडच्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर. त्यावरून धावणाऱ्या मालाची आणि वाघिणीची मिळून कमाल रुंदी ३२५० मिलिमीटर. उंची रुळाच्या माथ्यापासून मोजतात : मध्यभागी ४२६५ मिलिमीटर आणि दोन्ही कडांना ३७३५. कडांची उंची कमी ठेवण्याचं कारण बोगद्यांच्या आणि जुन्या पुलांच्या कमानी. चौकोनी खोक्याचा माथा मध्यभागी मोकळा राहतो, पण त्याचे कोपरे कमानीला भिडू शकतात. म्हणून परवानगीच्या अर्जासोबत नुसती ‘उंची इतकी, रुंदी इतकी’ अशी दोन मापं चालत नाहीत. कुठल्या उंचीवर किती रुंदी, हे दाखवणारा मोजमापी आडवा छेद द्यावा लागतो.

मला या लेखात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. परवानगी एकट्या मालाला मिळत नाही. ती माल, वाघीण आणि वाट या तिघांना एकत्र मिळते. माल पाठवणारे आपल्या यंत्राचा तपशील मनापासून देतात, आणि वाघिणीचा रकाना घाईत भरतात. खरा धोका त्याच रकान्यात असतो.

वाघिणीच्या अंगावर काय लिहिलेलं असतं

रायपूरच्या यार्डात उभ्या असलेल्या कुठल्याही वाघिणीची बाजू नीट वाचा. तिचा प्रकार लिहिलेला असतो : बॉक्सएन, बीआरएन, बीएलसी. शेजारी अकरा आकडी क्रमांक. त्यातले पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार त्या वाघिणीचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळणीचा. क्रमांक लिहिताना एक आकडा चुकला तर संगणक त्या शेवटच्या आकड्यावरून चूक पकडतो. त्याखाली टेअर, म्हणजे रिकाम्या वाघिणीचं वजन, वहनक्षमता आणि पीओएचची, म्हणजे ठरावीक मुदतीने कारखान्यात होणाऱ्या संपूर्ण दुरुस्तीची तारीख. रायपूरचा वाघीण दुरुस्ती कारखाना, ज्याला शहरात सगळे डब्ल्यूआरएस म्हणून ओळखतात, हेच काम करतो.

ओडीसीसाठी मात्र एवढ्यावर भागत नाही. वाघिणीची कपलरपासून कपलरपर्यंतची लांबी, दोन बोगींच्या, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या, मध्यबिंदूंमधलं अंतर, आसांची संख्या, आसांमधली अंतरं, तळाची रुळापासूनची उंची आणि स्प्रिंगांचा प्रकार, हे सगळं लागतं. हे आकडे लखनौच्या आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेने, मंजूर केलेल्या रेखाचित्रांत असतात. तिथूनच ते घ्यावेत, आठवणीतून लिहू नयेत.

तळाची उंची

समजा, मालाची उंची ३६०० मिलिमीटर आहे. सव्वा मीटर उंचीच्या सपाट वाघिणीवर तो ठेवला तर माथा ४८५० वर जातो. बीएलसी या कंटेनरच्या वाघिणीचा तळ १००९ मिलिमीटरवर असतो, तिच्यावरही माप ओलांडलं जातं. म्हणून मध्ये खोलगट असलेली ‘वेल वॅगन’ मागवतात. तिचा तळ ६५० वर आहे असं धरलं तर माथा ४२५० वर येतो. कमाल मर्यादेच्या १५ मिलिमीटर खाली.

आता मालाखाली ५० मिलिमीटर जाडीच्या लाकडी फळ्या घाला. माथा लगेच ४३०० होतो. कागदावर मापात असलेला माल धक्क्यावर येईपर्यंत ओडीसी झालेला असतो. तळाची उंचीही कायम तीच राहत नाही. बॉक्सएनचं नवं चाक १००० मिलिमीटर व्यासाचं असतं आणि झिजत ९०६ पर्यंत आलं की ते काढून टाकतात. म्हणजे एकट्या चाकाच्या झिजेमुळे आसाची उंची ४७ मिलिमीटरपर्यंत उतरू शकते. माल चढल्यावर स्प्रिंगा दबतात ते वेगळंच. त्यामुळे अर्जाच्या तक्त्यात ‘तळाची उंची’ लिहिताना रिकाम्या वाघिणीची की भरलेल्या, आणि पॅकिंग धरून की सोडून, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे.

वळणावर बाहेर येणारं पोट

सरळ रुळावर मावणारा माल वळणावर मावेलच असं नाही. वाघीण दोन बोगींवर टेकलेली असते. वळणावर बोगी रुळाबरोबर वळतात, पण वाघिणीचा सांगाडा सरळच राहतो. त्यामुळे त्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो आणि टोकं बाहेर येतात. मध्यभाग किती सरकेल याचं गणित सोपं आहे : बोगींच्या मध्यबिंदूंमधल्या अंतराचा वर्ग भागिले वळणाच्या त्रिज्येची आठपट.

बॉक्सएनमध्ये हे अंतर ६५२४ मिलिमीटर आहे. १७५ मीटर त्रिज्येच्या, म्हणजे १० अंशांच्या वळणावर तिचा मध्य फक्त ३० मिलिमीटर सरकतो. हेच अंतर १६ मीटर असलेली लांब वाघीण त्याच वळणावर १८३ मिलिमीटर सरकते. मालाची रुंदी दोन्हींत तीच, पण वाघीण बदलली की फलाटाशी, सिग्नलच्या खांबाशी, शेजारच्या रुळावरच्या गाडीशी उरणारी फट बदलली. प्रवासी फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून १६७० मिलिमीटरवर बांधतात. वेल वॅगनचं लोंबतं पोट नेमकं फलाटाच्या पातळीवर येतं, तेव्हा हे गणित कुणी केलं होतं का, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वजन : आसावर आणि पुलावर

मालगाड्यांसाठी जिथे एका आसावर २२.९ टन मान्य आहेत, तिथे चार आसांची वाघीण मालासकट ९१.६ टनांच्या पुढे जाऊ शकत नाही. ५०० मेगावॉटच्या जनित्राचा स्टेटर एकटाच अडीचशे टनांच्या घरात जातो. म्हणून अवजड मालाला अनेक आसांच्या वाघिणी लागतात.

समजा, १५० टनांचा नग ८० टन टेअरच्या, १२ आसांच्या वाघिणीवर ठेवला. एकूण २३० टन, म्हणजे एका आसावर सुमारे १९.२ टन. परीक्षा पास झाल्यासारखी वाटते. पण वाघीण २५ मीटर लांब असेल तर लांबीच्या दर मीटरला ९.२ टन भार पडतो. १९८७ च्या एमबीजी मानकानुसार बांधलेल्या पुलासाठी इंजिनामागच्या गाडीचा भार मीटरला ८.२५ टन धरलेला असतो. आसाला मंजूर असलेला भार पुलाला मंजूर नसू शकतो. मग पूल विभाग प्रत्येक कमानीचा स्वतंत्र हिशेब करतो, पुढे-मागे हलक्या वाघिणी जोडायला लावतो, वेग उतरवतो. वाघिणीच्या लांबीचा किंवा आसांमधल्या अंतराचा आकडा चुकीचा दिला असेल तर हा सगळा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहतो. मालाचा गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे आणि मध्यरेषेपासून किती सरकलेला आहे, हेही म्हणूनच लिहून द्यावं लागतं.

रायपूरची वाट

२००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वे झाली. बिलासपूर मुख्यालय आणि बिलासपूर, रायपूर, नागपूर असे तिचे तीन विभाग. रायपूरहून नागपूरला जाणारा माल डोंगरगडच्या पुढे बोरतलाव–दरेकसाच्या घाटात शिरतो, तिथे वळणंही आहेत आणि बोगदाही. बिलासपूरहून कटनीकडे निघालं तर भनवारटंकचा बोगदा. अर्जात वाट नावानिशी द्यावी लागते ती याचसाठी. नागपूरच्या पुढे मध्य रेल्वे लागते, टिटलागडकडे वळलं तर पूर्व तट रेल्वे, आणि वाटेतल्या प्रत्येक रेल्वेची संमती घ्यावी लागते.

त्यात विजेची तार. २५ हजार व्होल्टची ही तार बोगद्यात आणि पुलांखाली खाली उतरवलेली असते. मालाचा माथा आणि तार यांत ३९० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर तारेमुळे वेगळं बंधन पडत नाही. ३९० ते ३४० च्या दरम्यान वेग ताशी १५ किलोमीटर. ३४० च्या खाली गेलं तर तोच वेग, शिवाय तारेतला प्रवाह बंद. फळ्यांचे ते ५० मिलिमीटर इथे किती महाग पडतात, ते लक्षात घ्या. वीजप्रवाह बंद म्हणजे त्या मार्गावरच्या विजेच्या सगळ्या गाड्या थांबल्या.

उरणाऱ्या फटीनुसार ओडीसीचे ए, बी आणि सी असे वर्ग पडतात. फट जितकी कमी तितका वेग कमी आणि सोबत जाणारी माणसं जास्त. नाजूक प्रकरणं रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे जातात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. गाडी चालवणाऱ्याने स्वतःच स्वतःची परीक्षा घेऊ नये, एवढी काळजी या व्यवस्थेत आहे.

सगळंच वेगळं ओझं जड नसतं, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. भिलाईत १३० मीटरचे रूळ बनतात आणि जोडून २६० मीटरचे होतात. मीटरला ६० किलो धरले तरी असा एक रूळ साडेपंधरा टनांच्या आसपासच भरतो. पण तो कितीतरी वाघिणींवर सलग पसरलेला असतो. वळणावर वाघिणी आपापल्या दिशेने वळतात, तेव्हा रुळाला त्यांच्यावर थोडं सरकता आलं पाहिजे. म्हणून तो मध्यावर पक्का धरतात आणि बाकी ठिकाणी सरकायला मोकळा ठेवतात. इथे वाघिणींमधलं अंतर आणि प्रत्येक टेकूची जागा हाच मुख्य तपशील.

अवजड नग आज मोठ्या संख्येने रस्त्याने जातात. रेल्वेकडे यावं असं वाटणाऱ्या उद्योजकांना माझं सांगणं आहे : यंत्राचा नकाशा पक्का होण्याआधी वाघीण निवडा, तिची रेखाचित्रं मागवा आणि विभागीय कार्यालयातल्या परिचालन शाखेशी बोला. माल चढवून, पॅकिंग करून, साखळदंड आवळून झाल्यावर पुन्हा मोजा आणि तेच आकडे सहीनिशी द्या. बोगद्याला कारखान्यातलं माप कळत नाही. त्याच्यासमोर जे येतं, तेच माप खरं. ते माप धक्क्यावर उभं राहून घेणाऱ्या माणसावर इंजिनातल्या चालकापासून फलाटावरच्या प्रवाशापर्यंत सगळ्यांचा जीव अवलंबून असतो, म्हणून त्याला पुरेसा वेळ द्या, त्याच्यावर घाई लादू नका.

पुढच्या आठवड्यात : रायपूर–धमतरीची छोटी लाइन, आणि अडीच फुटी रुळांवर मालाचं माप कसं ठरत होतं.