शंभरात पाच

२०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरतं असलेलं हे काम पुढे राज्यभर पसरलं आणि पाहता पाहता मोडी लिपी वाचणाऱ्या माणसांची शोधाशोध सुरू झाली. तहसील कचेऱ्यांच्या कपाटांतून कोतवाल बुकं निघाली, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची रजिस्टरं निघाली. कागद होते, पण ते वाचणारा माणूस तालुक्यात एखादा सापडला तर सापडला. साताऱ्या-सांगलीकडच्या ज्या मोजक्या घरांत मोडीचा व्यासंग टिकून होता, त्या घरांच्या पायऱ्यांवर सकाळपासून लोक येऊन बसू लागले. कुणाच्या हातात पणजोबांच्या नावाची झेरॉक्स, कुणाच्या मोबाइलमध्ये धूसर फोटो.

हे वाचतात तरी कसं, हा प्रश्न पडला की मिरजेच्या ब्राह्मणपुरीतल्या एका माडीवर जाऊन बसावं. तिथे रविवारी सकाळी एक निवृत्त शिक्षक मोडी शिकवतात. नोकरीत त्यांनी विज्ञान आणि गणित शिकवलं, इतिहास कधीच नाही. मोडी ते वडिलांच्या जुन्या चोपड्यांवरून स्वतःच शिकले. समोर सात-आठ जण सतरंजीवर बसलेले असतात: साताऱ्याहून एसटीने येणारी बीएची एक विद्यार्थिनी, तासगावचा एक शेतकरी, बीएस्सी करणारा एक मुलगा, दोन शिक्षिका. जिना चढतानाच वेखंडाचा वास येतो. कसर लागू नये म्हणून कागदांच्या कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवायची रीत जुनी आहे. त्या वासात दोनशे वर्षांच्या कापडाचा, धुळीचा आणि डिंकाचा वास मिसळतो आणि घरी परतल्यावरही अंगावरच्या कपड्यांना येत राहतो.

हात धुऊन कोरडे करायचे, रुमालाची गाठ सोडायची, कागद पाटावर पसरायचा. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचं चौकोनी फडकं. एका रुमालात शंभरांनी कागद असतात. सर कागद उचलून आधी खिडकीकडे तिरका धरतात. शाई वाळावी म्हणून लिहिणाऱ्याने टाकलेल्या वाळूचे दोन-चार कण अजून अक्षरांना चिकटून असतात आणि उन्हात चमकतात. मुलं पहिल्यांदा ते पाहतात तेव्हा वाचायचं विसरतात. सर त्यांना घाई करत नाहीत.

मग अक्षरं. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि त्या रेघेला अक्षरं लटकवत जायचा, होता होईल तो बोरू न उचलता. शब्द तोडायचा नाही, विराम द्यायचा नाही. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घ नाही, म्हणून ‘दिन’ की ‘दीन’, ‘सुत’ की ‘सूत’ हे कागद सांगत नाही, वाचणाऱ्याने ठरवायचं. लिपी हेमाद्रिपंताने आणली असं परंपरा सांगते. ते खरं असो वा नसो, ती वेगाने लिहिण्यासाठी घडत गेली हे कुठल्याही कागदावर दिसतं. मुळाक्षरं महिन्याभरात येतात. मोडी वाचता यायला मात्र वर्षं जातात.

साताऱ्याची मुलगी एका पत्रावर अडकली होती. ‘पाचशे’ इथपर्यंत ती नीट आली, पुढे ‘रतूप’ असं काहीतरी तिला दिसत होतं. चार वेळा वाचलं तरी ‘रतूप’च. सरांनी मागून वाकून पाहिलं नाही, जागेवरूनच विचारलं, “बाळ, पत्र कशाबद्दल आहे?”

“श्रावणातल्या ब्राह्मणभोजनाबद्दल आहे, सर.”

“मग भोजनाला काय लागतं?”

ती गप्प झाली, आणि एकदम म्हणाली, “पाच शेर तूप!”

अक्षर तेच होतं, तोड बदलली. श्रावण, भोजन, तूप, शेराचं माप हे सगळं ठाऊक असल्याशिवाय ती तोड कुठे करायची ते कळत नाही. शाळेच्या वेळापत्रकात भाषेचा तास वेगळा, इतिहासाचा वेगळा, विज्ञान-गणिताचा वेगळा. या माडीवर एका ओळीसाठी तिन्ही तास एकाच वेळी भरवावे लागतात. मोडी म्हणजे निव्वळ अक्षरओळख समजून दहा दिवसांच्या वर्गाचं प्रमाणपत्र घेऊन जाणारे बरेच जण पुढच्या रुमालापाशी थांबतात, ते यामुळेच.

तारखेचंच घ्या. जुन्या कागदावर इसवी सन नसतो. वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं असतं, तेही एककापासून उलटं: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११६१. हा शुहूर सन. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी तो बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. वर्ष सूर्याचं, पण महिना चंद्राचा: रबिलाखर, जमादिलावल. त्याच्याआधी चंद्र दाखवणारं ‘छ’ असतं. सरांनी पाटीवर ११६१ लिहिलं आणि बीएस्सीच्या मुलाला मांडायला सांगितलं. उत्तर आलं, जून १७६० ते जून १७६१. “या वर्षात काय घडलं?” सरांनी विचारलं. तासगावचा शेतकरी हळूच म्हणाला, “पानपत.” जानेवारी १७६१. ज्या वर्षाने मराठ्यांची एक पिढी कापून नेली, ते कागदावर असं चार अरबी शब्दांत उभं असतं.

आणि तरीही पानपताचे कागद थोडेच. सरांचं एक वाक्य इथे सगळ्यांना पाठ आहे: “शंभरात पाच.” शंभर कागद उघडले तर लढाया, तह, कारस्थानं यांचे पाच निघतात. उरलेले पंचाण्णव रोजकीर्दीचे, खतावणीचे, वैरणीचे, मजुरीचे, बैलांच्या खरेदीचे, देवळाच्या तेलाचे, गावकीच्या भांडणांचे. हा आकडा त्यांचा स्वतःचा, हाताखालून गेलेल्या रुमालांवरून बांधलेला अंदाज आहे. पण एखादा रुमाल शेवटपर्यंत पाहणाऱ्याला तो खोटा वाटत नाही.

या पाचांच्या शोधाचा बराचसा इतिहास सातारा आणि सांगली याच दोन जिल्ह्यांत घडला आहे. जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी होता. छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारचे कागद त्याला पाहायला मिळाले आणि १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला गेला. पुढे १८६७ च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने त्यावर सडेतोड टीका लिहिली आणि अस्सल कागद पुढे आणण्याची भूक महाराष्ट्राला लागली. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी आयुष्यभर कागद जमवले. त्यांचं संग्रहालय १९२५ मध्ये साताऱ्यात उघडलं आणि १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेलं. आजही साताऱ्याच्या मुलाला साताऱ्याने जमवलेला कागद पाहायला पुणं गाठावं लागतं, याची खंत या माडीवर निघतेच निघते, आणि ती रास्त आहे.

मिरजेत तर वासुदेवशास्त्री खरे होऊन गेले. मिरज हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, नाटकं लिहायचे, ‘यशवंतराव’ नावाचं महाकाव्य लिहून मोकळे झालेले. पटवर्धन सरदारांच्या दप्तरात त्यांनी हात घातला आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला सुरुवात केली. १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम चालू होतं. मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या छावणीत काय चाललं होतं, हे आज जे कळतं त्यात या शाळामास्तराचा वाटा फार मोठा आहे. नोकरी सांभाळून, विजेचा दिवा नसताना एका माणसाने हे केलं. त्यांनी राजकारणाची पत्रं निवडून आधी छापली याबद्दल त्यांना कुणी बोल लावू नये. आधी पाचच वाचवायची वेळ होती.

पण आता सव्वाशे वर्षं झाली. चौथीतला शिवाजी महाराजांचा इतिहास असो की सातवीतला मराठेशाहीचा, पोरांच्या हाती अजून बहुतेक पाचच पडतात. पंचाण्णव तसेच रुमालात आहेत, आणि ते वाट पाहणार नाहीत. काजळीची शाई उन्हाने उडत नाही. तो जवळजवळ शुद्ध कार्बन, त्याचं शेकडो वर्षांत काही बिघडत नाही. पण काजळी कागदाला धरून ठेवतो तो बाभळीचा डिंक, आणि डिंकाला पाणी चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा घराघरांतल्या पेट्या-कपाटांत पाणी शिरलं. ओल्या रुमालातले कागद एकमेकांना चिकटून लगदा झाले, काही वाळले तर त्यांवर नुसता काळा ओघळ उरला. सरांकडे असे दोन गठ्ठे आणून दिलेले आहेत. ते उघडत नाहीत, आणि सर ते टाकूनही देत नाहीत. बीएस्सीच्या मुलाला त्यांनी एका कोऱ्या कागदावर डिंक-काजळीची शाई करून लिहायला लावलं आणि वर पाण्याचा थेंब टाकायला सांगितला. थेंबाबरोबर अक्षर हललं. मुलगा बराच वेळ ते पाहत राहिला.

पंचाण्णवांत काय आहे? एका किल्ल्याच्या डागडुजीचा खर्च निघतो, त्यात गवंड्याला किती, बेलदाराला किती, चुन्याच्या घाणीवर राबणाऱ्याला किती ते निघतं. कोणत्या साली गवत महागलं, कोणत्या गावाने सारा माफ करा म्हणून अर्ज केला, कुठे पाऊस गेला, हे निघतं. जुन्या दप्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदीही निघतात, बाईची किंमत रुपयांत लिहिलेली. असा कागद समोर आला की या माडीवर कुणी बोलत नाही. सर तो वगळत नाहीत, पूर्ण वाचायला लावतात. लढाई जिंकल्याची पत्रं मोठ्याने वाचायची आणि हा कागद घडी घालून ठेवायचा, असा इतिहास त्यांना मान्य नाही. मान्य नसावाच.

हिशेबाचं वाचन पत्रापेक्षा किचकट. आकड्यापुढच्या उभ्या दांड्यांकडे डोळे लावून बसावं लागतं: एक दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, दोन आणि पुढे एक म्हणजे पाऊण. बोरूची शाई संपत आली असली की तिसरी दांडी केसाएवढी उमटते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, पावकी, दिडकी हे सगळं त्या कारकुनाच्या जिभेवर होतं. आजच्या मुलांना मोबाइलवर मांडावं लागतं, आणि मग कळतं की त्या कारकुनाची बेरीज चुकलेली नाही, आपलं वाचन चुकलेलं आहे. तेरीज, म्हणजे पानाअखेरची गोळाबेरीज, ही वाचणाऱ्याची परीक्षा. ती जुळली तर वाचन बरोबर.

कॉलेजांत इतिहासाच्या मुलांना प्रकल्प करावे लागतात. इंटरनेटवरून शिवाजी महाराजांवर वीस पानं उतरवण्यापेक्षा प्रत्येकाने दहा हिशेबी कागदांची सूची करावी, असा सरांचा हट्ट आहे. साताऱ्याच्या मुलीने तो मनावर घेतला आहे. तिच्या वहीत उभे रकाने आहेत: तारीख, गाव, माणूस, जिन्नस, माप, रक्कम, शेरा. या रविवारी तिच्यासमोर कोठीच्या खर्चाची एक रोजकीर्द होती. तूप, तेल, मीठ, घोड्यांची चंदी, सगळं लागलं, पण तेरजेशी बेरीज जुळेना. दोन रुपये कमी पडत होते. तिने दांड्या पुन्हा मोजल्या. बीएस्सीच्या मुलाने वेगळी बेरीज केली, तीही दोन रुपयांनी कमी. शेतकरी म्हणाला, “पाठीमागं बघा की.” कागद उलटला. मागच्या बाजूला, घडीच्या आत, दीड ओळ होती: वैरण वाहणाऱ्या बायकांची मजुरी, रुपये २. मुलीने ‘माणूस’ या रकान्यात काय लिहायचं ते सरांना विचारलं, कारण नावं नव्हती. सर म्हणाले, “बायका लिही. किती ते नसेल तर शेऱ्यात तसं लिही.” तिने लिहिलं आणि पुढचा कागद घेतला.