विश्लेषण : मैफलीत जवळून फोटो काढताना खरी अडचण कसली? अंधाराची की आवाजाची?

डिसेंबर आला, की पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे वेध लागतात आणि समाजमाध्यमांवर कलाकारांच्या छायाचित्रांचा पाऊस पडतो. रंगमंचाजवळ बसून फोटो काढणाऱ्याला अंधाराची फार चिंता नसते. आयएसओ ३२००, ॲपर्चर एफ/२.८, शटर १/२५० सेकंद एवढ्यावर बऱ्याच मंचांवर काम भागते. खरी अडचण आवाजाची. रॉकच्या कार्यक्रमात शटर कोणाला ऐकूही येत नाही. विलंबित आलाप सुरू असताना चार-पाच फुटांवरून आलेला ‘खटॅक’ मात्र गायकाला आणि शेजारच्या श्रोत्यांना थेट टोचतो.

हा आवाज येतो कुठून?

डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला आरसा वर उचलला जातो आणि शटरचे पडदे सरकतात. मिररलेसमध्ये आरसा नसतो. इलेक्ट्रॉनिक शटर निवडले, की पडदेही हलत नाहीत. मोबाइलचा ‘क्लिक’ तर चक्क स्पीकरवर वाजवलेला असतो. तो बंद न करायला सबबच नाही.

मग फोटोवर पट्टे का उमटतात?

बहुतेक सेन्सर चित्र एकदम टिपत नाहीत, ओळीओळीने वाचतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे अनेक साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण सेन्सरच्या काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले, की पट्टे बरेचसे जातात. पण तबलावादकाची बोटे धूसर होतात. (आमच्या मते धूसर बोटे चालतील, गायकाच्या चेहऱ्यावरचे पट्टे नकोत.) मंद केलेल्या स्टेज लाइटचे लुकलुकणे वेगळे असते, तिथे दोन-तीन वेग तपासूनच पाहावे लागतात. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९-३ मध्ये सगळ्या ओळी एकाच वेळी टिपल्या जातात. किंमत अर्थात लाखांत.

मोबाइलवर काय करावे?

नाइट मोड बंद ठेवा. तो अनेक फ्रेम एकत्र करतो, त्यात हलता हात विरघळतो. चेहऱ्यावर टॅप करून उजेड थोडा खाली ओढा. फ्लॅश नकोच. स्क्रीनचा ब्राइटनेसही उतरवा, मागच्यांना त्याचाच त्रास जास्त होतो.

डीएसएलआरच असेल तर?

ताल मोजा. विलंबित एकतालाचे १२ मात्रांचे आवर्तन पाऊण मिनिटाहूनही लांबू शकते. गायक समेवर येतो, हात खाली येतो, चेहरा खुलतो आणि श्रोत्यांतून ‘वा’ उठते. खटका त्या दादेत बुडतो, आणि फोटोही तिथेच असतो.