सिंदखेडचा वाडा आणि त्याचे धनी

मुंबई-नागपूर मार्गावरील सिंदखेड राजा येथे राजवाड्याचे भव्य दगडी प्रवेशद्वार आजही उभे आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी याच वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला, म्हणून दरवर्षी त्या दिवशी येथे लाखोंचा समुदाय लोटतो. मात्र हा वाडा आणि त्याभोवतीचे परगणे कोणाकोणाच्या हाती गेले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

येथील देशमुखी आधी मुळे घराण्याकडे होती, असे परंपरा सांगते. पुढे ती देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणाऱ्या जाधवांकडे आली. लखुजी जाधवराव निजामशाहीतील बलाढ्य सरदार. राजवाडा, चुनखडीविना रचलेला भासणारा काळाकोटाचा भक्कम तट, मोती तलाव, शिल्पांनी नटलेली पुतळाबारव हे सारे वैभव त्या घराण्याच्या काळाची साक्ष देते. परंतु जहागीर म्हणजे मालकी नव्हे. ती सेवेच्या मोबदल्यात मिळालेली महसुलाची नेमणूक; देणाऱ्याची मर्जी फिरली की कागद निकामी. लखुजी मध्यंतरी मोगलांना मिळाले, पुन्हा निजामशाहीत परतले, आणि २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या भर दरबारात पुत्र व नातवासह मारले गेले. त्यांचे बंधू जगदेवराव यांनी मोगलांची चाकरी पत्करून सिंदखेड राखले. ज्या घरातील कन्येने स्वराज्याचे बीज जोपासले, ते घर स्वतः मोगलांच्या मनसबीवर तगले, ही विसंगती नव्हे. त्या काळी वतन टिकविण्याचा तोच व्यवहार होता.

१७२४ साली जवळच्याच साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि वऱ्हाडावर आसफजाही अंमल बसला. जाधव आता निजामाचे सरदार झाले. डिसेंबर १७५७ मध्ये रामचंद्र जाधव सिंदखेडात मराठी फौजांच्या वेढ्यात सापडले, त्यांच्या मदतीला निजामअली धावला. विश्वासराव व दत्ताजी शिंदे यांच्यापुढे त्याला नमते घ्यावे लागले आणि तहात पंचवीस लक्षांचा मुलूख सोडावा लागला. शिवरायांच्या आजोळाला मराठ्यांनीच वेढा घालावा, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता!

पुढची हकिकत ओहोटीची आहे. १८०४ साली येथून गेलेल्या वेलस्लीला सिंदखेड चोरांचा अड्डा वाटला. दुष्काळाने माणसे मरत होती. १८५१ साली जाधवांच्या झेंड्याखाली लढणाऱ्या अरब शिपायांची हैदराबादच्या फौजेशी झुंज झाली आणि घराण्याची वतने जप्त झाली. दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाने थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या कारभारात दिले. कर्जापोटी आख्खा प्रांत तारण पडल्याचे हे उदाहरण हिशेबाच्या कोणत्याही अभ्यासकाने ध्यानी घ्यावे असे आहे.

स्कॉटलंडमधील आयलन डोनन किल्ला १७१९ साली ब्रिटिश युद्धनौकांच्या तोफांनी व सुरुंगांनी उद्ध्वस्त झाला, दोनशे वर्षे पडीक राहिला, आणि १९११ साली तो विकत घेणाऱ्या एका माणसाने १९३२ पर्यंत नव्याने उभारला. तेथे खरेदीखत होते, म्हणून पैसा ओतणारा एक मालकही होता. सिंदखेडच्या वाड्याला तसा धनी लाभला नाही. आज तो संरक्षित स्मारक आहे. म्हणजे मालक सर्वजण, आणि पडझडीचा जाब द्यायला नेमके कोणी नाही. जयंतीच्या गर्दीनंतर उरलेले ३६४ दिवस भिंतींनी कोणाकडे पाहावे?

लखुजींच्या भव्य समाधीकडे मात्र पुरातत्त्व खात्याचे लक्ष गेले. २०२४ च्या जून महिन्यात तेथील जतनकामाच्या वेळी जमिनीखाली आधी एका शिवमंदिराचा पाया आणि मग सुमारे १.७० मीटर लांबीची शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. जाधवांच्याही आधी कोणी तरी येथे नांदत होते. त्यांची नोंद कोणत्याही सनदेत नाही.