बोटाला सुई टोचली तर

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे नाव आपण ऐकले आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यांतले ते एक. लढाईतल्या जखमींची त्यांनी सेवा केली. १९४१ साली ते तिथल्या एका इस्पितळाचे प्रमुख झाले. त्या इस्पितळाला डॉ. बेथ्यून यांचे नाव दिलेले होते.

हे बेथ्यून कोण? ते कॅनडाचे डॉक्टर. तेही चीनमध्ये जखमींवर शस्त्रक्रिया करीत. १९३९ साली असेच काम करताना त्यांच्या बोटाला कापले. हातात मोजे नव्हते. कापले होते थोडेसेच. पण जखम चिघळली, विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबरला ते वारले.

एवढा जाणता डॉक्टर बोटाच्या जखमेने गेला. मग झाडलोट करणाऱ्या मावशी, मामा, सिस्टर, धोबीखान्यातले कामगार यांनी किती जपायला हवे!

समजा, एक मावशी वॉर्डातला कचरा उचलते आहे. पिशवीत कोणी तरी वापरलेली सुई टाकली आहे. ती सुई मावशीच्या बोटात घुसते. मावशी बोट तोंडात घालते, पदराला पुसते आणि म्हणते, "एवढंसं तर टोचलंय! सायबाला कशाला सांगू? कामावरून काढलं म्हणजे?"

इथे मावशीच्या तीन चुका झाल्या.

पहिली चूक, बोट तोंडात घातले. तसे करू नये. बोट दाबून रक्तही काढू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने हात स्वच्छ धुवावा.

दुसरी चूक, औषधाची वेळ घालवली. सुईवर रोग्याचे रक्त असते. त्यातून 'ब' आणि 'क' जातीची कावीळ किंवा एचआयव्ही होऊ शकतो. घाबरून जाऊ नका. एचआयव्ही असलेल्या रोग्याची सुई हजार जणांना टोचली, तर साधारण तिघांना लागण होते. पण ते तिघे कोण, हे आधी कळत नाही. म्हणून ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. एचआयव्ही टाळण्याचे औषध शक्य तर दोन तासांत सुरू करावे. ७२ तास उलटले की त्याचा उपयोग नाही. ते २८ दिवस घ्यावे लागते. हे औषध आपल्या माणसांना इस्पितळाने दिलेच पाहिजे, असा २०१७ चा कायदा आहे. कचरा उचलणाऱ्यांना 'ब' काविळीची आणि धनुर्वाताची लस द्यावी, वापरलेल्या सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकाव्यात, असे २०१६ चे नियम सांगतात. तुम्हाला लस दिली आहे का? नसेल तर मागून घ्या.

तिसरी चूक सर्वांत मोठी. मावशीने नोंद केली नाही. इस्पितळाच्या कामातून लागलेला रोग हीसुद्धा कायद्याने कामावरची दुखापतच आहे. पण सहा महिन्यांनी रोग निघाला, तर तो कामातून लागला हे कशावरून ठरायचे? त्याच दिवशीच्या नोंदीवरून आणि त्याच दिवशी केलेल्या रक्ततपासणीवरून. म्हणून दिवस, वेळ, जागा आणि पाहणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

आता पैशाचे पाहू. कामावरच्या दुखापतीच्या भरपाईचा कायदा १९२३ साली झाला, कामगार विम्याचा १९४८ साली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत आले. नाव बदलले, हक्क राहिला.

पगारातून विम्याचे पैसे कापले जात असतील, तर उपचार विम्यातून होतात. रजेच्या दिवसांत पगाराचे सुमारे ९० टक्के पैसे मिळतात. विमा नसेल, तर उपचाराचा खर्च आणि भरपाई मालकाने द्यायची. ठेकेदाराकडचे कामगार असाल, तरी हक्क बुडत नाही. मात्र दारू पिऊन काम करताना लागले, तर भरपाई बहुधा मिळत नाही.

आणि बोटच गेले तर? धोबीखान्यातल्या यंत्रात असे होऊ शकते. कायद्याने प्रत्येक बोटाचा हिस्सा ठरवला आहे. तर्जनी पूर्ण गेली, तर कमाईची १४ टक्के ताकद गेली असे धरतात. अंगठा गेला तर ३० टक्के. समजा, कामगाराचे वय ४० आणि पगार १०,००० रुपये आहे. त्याचा अंगठा गेला, तर हिशेबाने सुमारे ३ लाख ३१ हजार रुपये होतात. एवढी रक्कम तोंडी सांगून कोणी आणून देत नाही. दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अर्ज लिहायला जिल्हा न्यायालयातले विधी सेवा प्राधिकरण मदत करते. स्त्रियांना तिथे वकील फुकट मिळतो.

सरकारी इस्पितळातल्या नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आले, तर तेवढ्यासाठी त्याला काढता येत नाही. त्याच पगारावर झेपेल असे दुसरे काम द्यावे लागते. हा २०१६ चा कायदा आहे.

कधी कधी कोणी हजार-पाचशे रुपये पुढे करतो आणि म्हणतो, "मावशी, इथं अंगठा करा, मिटवून टाकू." तेव्हा घाई करू नका. कागद हातात घ्या. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. सगळा मजकूर वाचा, न कळेल ते विचारा, मगच सही करा. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

अंगठ्याचे मोल कायद्याने ठरवले आहे. ते आपणही ओळखावे.