पाऊलखुणा जागेवरच का राहाव्यात?

डायनोसॉर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संग्रहालयातील प्रचंड सांगाडे उभे राहतात. हाडांवरून प्राण्याचा आकार, त्याचे दात, त्याचा आहार यांची कल्पना येते. परंतु मेलेल्या प्राण्याचे हाड नदीच्या पुराबरोबर मैलोगणती वाहत जाऊ शकते. पावलाचा ठसा मात्र वाहून येत नाही. ठसा जिथे सापडतो, तिथेच तो प्राणी जिवंतपणी चालत गेलेला असतो. म्हणूनच हाड हा मृत्यूनंतरचा पुरावा, तर ठसा हा जगण्याचा पुरावा असे म्हणता येईल.

ठसा टिकतो कसा?

चिखलात रोजच असंख्य पावले उमटतात आणि पुसली जातात. ठसा टिकायचा तर चिखल बेताचा ओला हवा. फार पातळ असेल तर ठसा बुजतो, फार कोरडा असेल तर उमटतच नाही. उमटलेला ठसा थोडा सुकून घट्ट व्हावा लागतो आणि मग त्यावर वेगळ्या प्रकारच्या गाळाचा थर हलकेच पसरावा लागतो. पुढे लाखो वर्षांत दोन्ही थरांचे खडक बनतात. वरचा थर मऊ असला तर झिजून निघून जातो आणि खालच्या कठीण थरावरील ठसा उघडा पडतो.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ग्लेन रोझ गावाजवळच्या पॅलक्सी नदीच्या पात्रात नेमके हेच घडले. सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, क्रिटेशियस कालखंडात, तिथे उथळ समुद्राचा काठ होता. काठावरच्या चुनखडीच्या चिखलात डायनोसॉर चालले. १९०८ साली पॅलक्सीला मोठा पूर आला, पात्राचा तळ खरवडला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे तीन बोटांचे मोठे ठसे दिसले.

ठशांचा बाजार

१९३० नंतरच्या आर्थिक मंदीत ग्लेन रोझच्या काही रहिवाशांनी हे ठसे छिन्नीने काढून विकायला सुरुवात केली. चांगले ठसे संपत आले तेव्हा काहींनी दगडात खोटे ठसे कोरले. त्यांत राक्षसी आकाराची माणसाची पावलेही होती! शिवाय नदीपात्रात खरोखरच काही लांबट, माणसाच्या पावलांसारखे भासणारे ठसे होते. त्यामुळे माणूस आणि डायनोसॉर एकाच काळी नांदत होते, असा दावा अनेक वर्षे केला गेला. वास्तविक शेवटचे मोठे डायनोसॉर आणि पहिली माणसे यांच्यात सहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

या लांबट ठशांचा उलगडा १९८० च्या दशकात झाला. तीन बोटांचा डायनोसॉर कधी कधी बोटांमागचा पायाचा भागही जमिनीला टेकवून चालत असे. त्यामुळे ठसा लांब होई. नंतर बोटांचे खळगे गाळाने भरून गेले आणि उरली ती माणसाच्या पावलासारखी आकृती. हे कळले कशावरून? गाळ भरलेल्या जागी बोटांच्या आकाराचे वेगळ्या रंगाचे पट्टे दिसत होते आणि त्याच रांगेतील इतर ठशांवरही तीन बोटांच्या खुणा होत्या. ती रांग जागेवर शिल्लक नसती, तर सुटा ठसा पाहून हा वाद मिटला नसता.

रांग काय सांगते?

रांगेचे महत्त्व एका साध्या हिशेबातून कळते. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ साली ठशांवरून वेग काढण्याचे सूत्र मांडले. ठशाच्या लांबीच्या साधारण चौपट म्हणजे प्राण्याच्या खुब्याची उंची. ठसा ५० सेंटिमीटरचा असेल तर खुबा सुमारे २ मीटरवर. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांतील अंतर, म्हणजे ढांग, ३ मीटर असेल तर वेग ताशी सुमारे ८ किलोमीटर येतो. ढांग खुब्याच्या उंचीच्या दुपटीपेक्षा कमी आहे, म्हणजे प्राणी पळत नव्हता, चालत होता. ढांग मोजायला एक ठसा पुरत नाही. ठसा उचलून विकला की त्याबरोबर वेगही गेला, दिशाही गेली, सोबतीला कोण होते तेही गेले.

चांगल्या हेतूने झालेली ताटातूट

१९३८ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे रोलँड बर्ड यांनी विक्रीला ठेवलेले खोटे ठसे पाहिले आणि त्यांचा माग काढत ते ग्लेन रोझला पोहोचले. तिथे त्यांना लांब मानेच्या, शाकाहारी सॉरोपॉड डायनोसॉरचे जवळजवळ मीटरभर लांबीचे ठसे मिळाले. शेपटी फरपटल्याच्या खुणा दिसत नव्हत्या. म्हणजे चालताना शेपटी हवेत असे. एका सॉरोपॉडच्या मागोमाग तीन बोटांचा मांसाहारी डायनोसॉर गेलेला दिसत होता. बर्ड यांना त्यात पाठलाग दिसला. तो खरोखरच पाठलाग होता का, यावर पुढे बरीच चर्चा झाली.

१९४० मध्ये आपल्याकडच्या रोजगार हमीसारख्या सरकारी योजनेतील मजुरांच्या मदतीने बर्ड यांनी ही रांग तुकड्यातुकड्यांनी कापून काढली. एक भाग न्यूयॉर्कला गेला, दुसरा टेक्सासमधील ऑस्टिनला. काही भाग पुढे गहाळ झाला. न्यूयॉर्कमध्ये ही पावले अपाटोसॉरसच्या सांगाड्यामागे मांडली गेली. तो प्राणी या ठशांपेक्षा सुमारे साडेतीन कोटी वर्षांनी जुना! ऑस्टिनमधील दगडाची झीज होत गेली. बर्ड यांना दोष देणे योग्य नाही, कारण नदीनेही ते ठसे झिजवलेच असते. सुदैवाने त्यांनी खोदाईपूर्वी छायाचित्रे व नकाशे काढून ठेवले होते. त्यांच्याच आधारे २०१४ साली संशोधकांनी संगणकावर संपूर्ण रांग पुन्हा जुळवली. पाठलागाचा प्रश्न आज नव्याने तपासायचा झाला, तर याच नोंदी हाताशी आहेत.

जपायचे कसे?

टेक्सास राज्याने १९६८ मध्ये येथील जमीन विकत घेतली आणि डायनोसॉर व्हॅली हे राज्य उद्यान उभे राहिले. उरलेले ठसे आता पात्रातच आहेत. २०२२ च्या दुष्काळात नदी आटली, तेव्हा एरवी पाणी व गाळाखाली असणारे ठसे उघडे पडले आणि प्रेक्षकांनी गर्दी केली. पाऊस आल्यावर ते पुन्हा गाळाखाली गेले. पाहणाऱ्यांची थोडी निराशा झाली असेल, पण हा गाळच ऊन, थंडी आणि पावले यांपासून ठशांचे रक्षण करतो. नदीने ठसे दाखवले, नदीच त्यांना झिजवते आणि नदीचाच गाळ त्यांना झाकतो. म्हणूनच छायाचित्रे, मोजमापे आणि संगणकीय प्रतिकृती वेळेवर तयार करून ठेवणे हा संरक्षणाचाच भाग आहे.

भारतातही राजस्थानात जैसलमेरजवळ थैयात येथील ज्युरासिक खडकांत डायनोसॉरचे ठसे मिळाल्याची नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा हे गाव डायनोसॉरच्या जीवाश्मांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. सहलीत असे काही आढळले तर ते उचलू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवावे.

वर्गात हा विषय शिकवताना शाळेच्या मैदानावर ओल्या मातीचा १० मीटरचा पट्टा तयार करा. काही मुलांना त्यावरून चालू द्या, काहींना पळू द्या. न पाहिलेल्या मुलांनी ठसे मोजून कोण चालले, कोण पळाले आणि कोण कोणाच्या मागून गेले ते ओळखावे. मग एक वगळता सर्व ठसे पुसून टाका आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा.